नोकरी सांभाळून व्यसनमुक्तीचा ओपीडी उपचार: पहिल्या सहा महिन्यांची आखणी

भोसरीच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात मी गुणवत्ता विभागात काम करतो. अकरा वर्षे रोज दारू प्यायल्यानंतर मी दाखल न होता, ओपीडीत उपचार घेऊन ती सोडली, आणि पहिले नऊ दिवस वगळता या सगळ्या काळात माझी नोकरी चालू राहिली. दारू का सोडावी हे सांगणारे मला पुष्कळ भेटले. पाळी, रजा, पगार, साहेब आणि गोळ्या यांची सांगड कशी घालायची हे सांगणारे मात्र कोणी भेटले नाही. ते मी चुकत चुकत शिकलो आणि त्यातल्या दोन चुका मला फार महागात पडल्या. ज्यांनी उपचार घ्यायचे ठरवले आहे, पण नोकरी जाईल या भीतीने जे आजचे उद्यावर ढकलत आहेत, त्यांच्यासाठी हे लिहीत आहे. माझा अनुभव दारूचा आहे. इतर नशांच्या बाबतीत जिथे फरक पडतो, तिथे तो सांगितला आहे.

१. ओपीडी पुरेशी आहे की दाखल व्हावे लागेल, हे डॉक्टरांना ठरवू द्या

रोज पिणाऱ्याने दारू एकाएकी बंद केली की काही तासांतच हात थरथरतात, घाम सुटतो, झोप उडते. हे बहुतेकांना ठाऊक असते. पुढचे मात्र अनेकांना ठाऊक नसते: शेवटच्या घोटानंतर साधारण ६ ते ४८ तासांत फिट येऊ शकते, आणि दोन ते चार दिवसांच्या दरम्यान काहींना भास होतात, दिवस-रात्रीचे भान सुटते. या अवस्थेत उपचार मिळाले नाहीत तर माणूस दगावू शकतो. म्हणून ‘शनिवार-रविवारी घरीच सोडतो आणि सोमवारी कामावर जातो’ असा बेत कृपा करून आखू नका.

पूर्वी कधी फिट आली असेल, भास झाले असतील, यकृताचा गंभीर आजार असेल किंवा घरात लक्ष ठेवायला कोणीच नसेल, तर डॉक्टर बहुधा काही दिवस दाखल व्हायला सांगतील. ते मान्य करा. दाखल होऊन बाहेर आल्यावर ओपीडीचा भाग उरतोच, आणि या लेखातील बाकीच्या पायऱ्या तिथून पुढे लागू होतात.

पहिल्या भेटीत प्रमाण खरे सांगा. मी डॉक्टरांना ‘संध्याकाळी दोन-तीन पेग’ असे सांगितले होते, प्रत्यक्षात रोजची दीड क्वार्टर होती. जास्त सांगितले तर दाखल करतील आणि रजा वाढेल, एवढाच माझा हिशेब होता. पण थरथर आवरण्यासाठी दिलेल्या गोळ्यांचा डोस मी सांगितलेल्या आकड्यावर बेतलेला होता, त्यामुळे दुसरी रात्र माझ्या पत्नीने माझे हात धरून जागून काढली. सकाळी तिनेच डॉक्टरांना फोन करून खरा आकडा सांगितला.

पहिले सात ते दहा दिवस पूर्ण रजेचे धरा. त्याहून कमी धरू नका.

२. केंद्र निवडताना अंतर आणि वेळ आधी पाहा

उत्तम केंद्र दीड तासावर असेल आणि तुमची पाळी बदलती असेल, तर दुसऱ्या महिन्यात तुम्ही तिथे जाणे सोडाल. साधे पण वाटेवरचे केंद्र अधिक उपयोगी पडते, असे माझे ठाम मत आहे.

सरकारी पर्याय चांगले आहेत. जिल्हा रुग्णालयांत आणि वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत, उदाहरणार्थ पुण्यातील ससून किंवा मुंबईतील केईएम येथे, मनोविकार विभाग असतो. येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी येथे प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपरसह उपचार मोफत आहेत. अडचण वेळेची असते, कारण ओपीडी बहुधा सकाळची असते आणि केसपेपरची खिडकी दुपारच्या आत बंद होते. कोणत्या वारी व्यसनमुक्तीचे डॉक्टर बसतात, हे पहिल्याच दिवशी विचारून घ्या.

खासगी मनोविकारतज्ज्ञ संध्याकाळी भेटतात. पैसे जातात, पण रजा वाचते. पुण्यात १९८६ पासून काम करणाऱ्या मुक्तांगणसारख्या व्यसनमुक्ती संस्थांत दाखल होऊन उपचार घेतलेल्यांसाठी पाठपुराव्याची सोय असते. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, म्हणजे ‘एए’ हा दारू सोडलेल्या आणि सोडू पाहणाऱ्यांचा गट. त्याच्या सभा बहुधा संध्याकाळी भरतात, अनेक ठिकाणी मराठीत चालतात आणि त्यांना शुल्क नसते. जवळचे केंद्र सापडत नसेल तर १४४४६ या व्यसनमुक्तीच्या राष्ट्रीय हेल्पलाइनवर किंवा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर विचारा. दोन्ही निःशुल्क आहेत.

मी शेवटी अशी जुळणी केली: डॉक्टर सरकारी, सकाळचे, समुपदेशक घराजवळचे, आठवड्यातून एकदा, आणि एएची सभा पाळीप्रमाणे जमेल तेव्हा, पण आठवड्यातून किमान दोनदा.

ब्राऊन शुगर (हेरॉइन) किंवा तत्सम नशेच्या उपचारासाठी ब्युप्रेनॉर्फिनची गोळी जिभेखाली ठेवायला देतात आणि अनेक केंद्रांवर ती सुरुवातीला रोज, कर्मचाऱ्यांच्या समोर घ्यावी लागते. अशांनी केंद्र उघडण्याची वेळ आणि कामावर हजेरी लावण्याची वेळ आधी जुळवावी, मगच केंद्र ठरवावे.

‘रुग्णाला न सांगता दारू सोडवा’ अशा जाहिरातींच्या पुड्यांपासून घरच्यांना दूर ठेवा. त्यांत काय असते ते कळत नाही, आणि डायसल्फिरामसारखे, दारू घेतली की शरीराला त्रास व्हावा म्हणून देतात ते औषध नकळत पोटात गेलेल्या माणसाने वर दारू घेतली तर ते जिवावर बेतू शकते.

३. जवळ ठेवायची कागदपत्रे आणि वस्तू

एका प्लास्टिकच्या फाइलमध्ये पुढील गोष्टी ठेवा आणि ती फाइल घरीच असू द्या. कामावरच्या लॉकरमध्ये ठेवू नका.

– आधार कार्ड आणि त्याच्या दोन छायाप्रती
– जुने रिपोर्ट, विशेषतः यकृताच्या तपासण्या आणि पोटाची सोनोग्राफी
– सध्या चालू असलेल्या सर्व गोळ्यांची रिकामी पाकिटे; रक्तदाब व मधुमेहाच्या गोळ्यांचीसुद्धा
– ईएसआय (कामगार राज्य विमा योजना) लागू असल्यास त्याचे ओळखपत्र
– नियुक्तीपत्र, रजेचे नियम आणि पुढील तीन महिन्यांचे पाळीपत्रक
– प्रत्येक भेटीचा केसपेपर, तारखेप्रमाणे लावलेला
– एक साधी वही: तारीख, गोळी घेतली की नाही, झोप किती झाली, तलफ केव्हा आली

ही वही मला सुरुवातीला शाळकरी वाटली होती. सहा आठवड्यांनी डॉक्टरांनी ती चाळली, तेव्हा माझी तलफ दुपारी साडेतीन ते पाच या वेळेत आणि तीही पहिल्या पाळीच्या आठवड्यातच येते हे उघड झाले, आणि पुढची सगळी आखणी त्यावरून बदलली.

४. रजेचा हिशेब कागदावर मांडा

सुरुवातीला डॉक्टर साधारण आठवड्याला, मग पंधरा दिवसांनी आणि पुढे महिन्याला बोलावतात. माझ्या पहिल्या सहा महिन्यांत बारा भेटी झाल्या. पाळीपत्रक समोर ठेवून मी डॉक्टरांनाच विचारले की, भेटी दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात घेता येतील का. कारण दुसरी पाळी साडेतीनला सुरू होते आणि सकाळ मोकळी असते. बारांपैकी नऊ भेटी अशा बसल्या. उरलेल्या तीनांसाठी तीन रजा लागल्या. ‘ओपीडीला वर्षभर जायचे म्हणजे रजा पुरणार नाहीत’ ही भीती, हिशेब मांडताच अर्धी कमी होते.

दुकाने, कार्यालये आणि आयटी कंपन्यांना महाराष्ट्राचा २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदा लागू आहे. वीस किंवा अधिक कामगार असतील तिथे (२०२५ च्या दुरुस्तीपूर्वी ही मर्यादा दहा होती) वर्षाला ८ नैमित्तिक रजा मिळतात, आणि वर्षात २४० दिवस काम केलेल्यांना दर २० दिवसांच्या कामामागे एक भरपगारी रजा मिळते, जी ४५ दिवसांपर्यंत साठवता येते. नैमित्तिक रजा वर्षअखेरीस बुडतात, म्हणून ओपीडीसाठी आधी त्या वापरा आणि साठवलेली रजा अडीनडीसाठी राखा.

महिन्याचे वेतन २१,००० रुपयांपर्यंत असणारे बहुतेक कामगार ईएसआयमध्ये येतात. त्यांना औषधोपचार मिळतातच; शिवाय अंशदानाच्या सहामाहीत किमान ७८ दिवसांचे अंशदान भरले असेल, तर ईएसआयच्या डॉक्टरांच्या प्रमाणपत्रावर आजारपणाच्या काळात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत सरासरी वेतनाच्या ७० टक्के रक्कम मिळू शकते. खासगी डॉक्टरांकडून रजा लिहून आणायची आणि नंतर ईएसआयकडे पैसे मागायचे, ही गफलत टाळा. पहिल्या दिवसापासून ईएसआयच्या दवाखान्यात नोंद करा.

कंपनीच्या आरोग्य विम्यावर विसंबून राहू नका. बहुतेक पॉलिसींत दारू आणि अमली पदार्थांच्या व्यसनाचे उपचार वगळलेले असतात आणि ओपीडीचा खर्चही सहसा बसत नाही. दावा दाखल करण्यापूर्वी पॉलिसीतील वगळलेल्या बाबींची यादी वाचा. नाही तर दावा नाकारला जाईल आणि निदान मात्र चार जणांच्या टेबलांवरून फिरून येईल.

५. कामावर कोणाला किती सांगायचे

मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ याच्या व्याख्येत दारू व अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित मानसिक अवस्थांचा समावेश आहे आणि त्याच कायद्याच्या कलम २३ने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. कायद्याने सांगितलेले मोजके अपवाद सोडले, तर तुमच्या संमतीवाचून डॉक्टर तुमचा आजार मालकाला सांगू शकत नाहीत. प्रमाणपत्रावर ‘आमच्याकडे उपचार चालू असून अमुक दिवस विश्रांतीची गरज आहे’ एवढेच लिहून मिळेल का, असे डॉक्टरांना स्पष्ट विचारा. अनेकदा तेवढे पुरते.

न सांगणे आणि खोटे सांगणे यांत मात्र फार अंतर आहे. मी पहिल्या रजेसाठी कावीळ झाल्याचे सांगितले. ती माझी पहिली मोठी चूक. सहकाऱ्यांपैकी एकाने गावाकडून काविळीचे झाडपाल्याचे औषध आणून दिले, दुसऱ्याने उसाचा रस पाठवला, आणि दर पंधरा दिवसांनी रुग्णालयात जायला मी कोणते कारण देणार हा प्रश्न उरलाच. एका खोट्यासाठी दुसरे खोटे रचण्याची सवय मला दारूनेच लावली होती. तीच घेऊन मी उपचारात शिरलो होतो. महिनाभराने मी पर्यवेक्षकांना एकट्याला गाठले.

“साहेब, मला कावीळ नव्हती. मी दारू सोडायचे उपचार घेतोय.”

ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “वास येत नव्हता महिनाभर, तेव्हाच मला शंका आली होती. तुमच्या तारखा मला आधी देत जा, पाळी मी बघतो.”

प्रत्येकाला असे पर्यवेक्षक मिळतील असे मी म्हणणार नाही. माझा सल्ला असा की, एकाच माणसाला पूर्ण सांगा, आणि तो माणूस तुमची पाळी लावणारा असावा. मनुष्यबळ विभागाला प्रमाणपत्र द्या आणि ते कोणत्याही व्हॉट्सॲप गटावर टाकू नये असे लेखी कळवा. बाकीच्यांना ‘पोटाचे पथ्य आहे’ एवढे पुरे; दारू पिणाऱ्याच्या पोटाला पथ्य असतेच, तेव्हा हे असत्यही नाही.

एक इशारा. नशेत कामावर येणे हे बहुतेक कारखान्यांच्या स्थायी आदेशांत, म्हणजे नोकरीच्या लेखी नियमांत, गैरवर्तन मानलेले आहे आणि उपचार चालू असणे हे त्यावरचे कवच नाही. तुमच्यावर आधीच कारवाईची कुणकुण असेल, तर आरोपपत्र येण्याची वाट न पाहता उपचारांचे कागद लेखी अर्जासोबत द्या, पोच घ्या आणि युनियन असल्यास तिच्या प्रतिनिधीला बरोबर न्या.

६. गोळ्या आणि काम यांचा मेळ

पहिल्या आठवड्यातल्या थरथर आवरणाऱ्या गोळ्या, म्हणजे क्लोरडायझेपॉक्साइड, डायझेपाम यांसारख्या, झोप आणतात. त्या चालू असताना दुचाकी, क्रेन, प्रेस, उंचीवरचे काम यांपैकी काहीही करू नका. चालक आणि यंत्रचालकांनी कामावर परतण्यापूर्वी डॉक्टरांकडून तंदुरुस्तीचे प्रमाणपत्र घ्यावे. त्याच गोळ्या डॉक्टरांनी बंद केल्यावर औषधांच्या दुकानातून परस्पर आणून घेत राहू नका, कारण त्यांचीही सवय लागते.

डायसल्फिराम चालू असेल तर दारूचा अंशही चालत नाही. मला हे पाठ होते, पण ‘अंश’ म्हणजे काय ते कळले नव्हते. आमच्या विभागात गेज, म्हणजे मोजमापाची साधने, स्पिरिटने पुसतात. बंद खोलीत अर्धा तास हे काम केल्यावर माझा चेहरा लाल झाला, छाती धडधडू लागली, आणि मी न प्यायलेला असूनही प्यायलेल्यासारखा दिसू लागलो. तुमच्या कामात स्पिरिट, अल्कोहोलयुक्त सॅनिटायझर किंवा थिनर येत असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. काही खोकल्याच्या औषधांतही अल्कोहोल असते. शेवटच्या गोळीनंतरही साधारण दोन आठवडे ही प्रतिक्रिया होऊ शकते.

तलफ कमी करण्यासाठी नाल्ट्रेक्सोन घेणाऱ्यांनी तसे लिहिलेली चिठ्ठी पाकिटात ठेवावी, कारण अपघात झाल्यास अफूवर्गीय वेदनाशामके नेहमीसारखी काम करत नाहीत. त्याच कामाचे दुसरे औषध, अकॅम्प्रोसेट, दिवसातून तीनदा घ्यावे लागते आणि दुपारचा डोस नेमका जेवणाच्या सुट्टीत येतो. त्या गोळ्या डब्याच्या पिशवीत, वेगळ्या छोट्या डबीत ठेवा.

रात्रपाळीबद्दल डॉक्टरांशी स्वतंत्र बोला. झोप बिघडली की तलफ वाढते. मला पहिले तीन महिने रात्रपाळी नको अशी चिठ्ठी मिळाली होती.

७. धोक्याच्या वेळा आधीच ओळखा

पाळी सुटण्याची वेळ, पगाराचा दिवस, बोनसचा आठवडा, गटारी, थर्टीफर्स्ट, कोणाचा निरोपसमारंभ, बाहेरगावचा दौरा. या तारखा पहिल्या दिवशीच वहीत लिहा आणि त्या संध्याकाळी एएची सभा किंवा समुपदेशकांची भेट ठेवा. मी कंपनीच्या बसमधून परमिट रूमसमोरच्या थांब्याऐवजी एक थांबा आधी उतरू लागलो आणि उतरताच भाजलेले चणे खाऊ लागलो, कारण भूक आणि तलफ मला कित्येक दिवस वेगळ्या ओळखता येत नव्हत्या. पगाराच्या खात्याचे कार्ड वर्षभर पत्नीकडे होते.

“आज बसायचं का?” या प्रश्नाला लांब उत्तर देऊ नका. “नाही, निघतो,” एवढे म्हणून चालू लागा. कारण दिले की समोरचा ते खोडून काढतो.

८. तिसऱ्या महिन्याचा सापळा

या लेखातील एकच भाग लक्षात ठेवणार असाल, तर हा ठेवा. पहिल्या महिन्यात माणूस घाबरलेला असतो, म्हणून सगळे पाळतो. तिसऱ्या महिन्यात चेहऱ्यावर तेज येते, भूक लागते, हात स्थिर होतात आणि कामही चांगले होऊ लागते. मालकाला ते दिसते. मग ओव्हरटाइम येतो, नवी जबाबदारी येते, ‘तुमच्यावरच भरवसा आहे’ असे शब्द कानावर पडतात. अकरा वर्षांत जे शब्द ऐकले नव्हते ते ऐकल्यावर नाही म्हणणे मला फार जड गेले. मी एक भेट पुढे ढकलली, मग समुपदेशकांना फोन करून सांगितले की ऑडिट झाल्यावर येतो, आणि सभांना जाणे आपोआप थांबले. गोळ्या संपल्या, त्या आणल्या नाहीत. ऑडिट उत्तम झाले. त्याच रात्री मी प्यायलो.

ती माझी दुसरी चूक, आणि ती कामाच्या वाईट दिवशी न होता चांगल्या दिवशी झाली. त्यानंतर समुपदेशकांनी मला एक गोष्ट करायला लावली: पाळीपत्रकावरच उपचाराच्या वेळा लाल शाईने लिहायच्या आणि त्यांना चौथी पाळी म्हणायचे. पहिली पाळी चुकवून कोणी दुसरीचा ओव्हरटाइम घेत नाही, तशी ही चुकवून ओव्हरटाइम घ्यायचा नाही. पर्यवेक्षकांनाही मी हेच शब्द सांगितले. उपचार म्हटल्यावर जे नीट पोचत नव्हते, ते पाळी म्हटल्यावर त्यांना लगेच समजले.

म्हणून पहिले सहा महिने ओव्हरटाइमचा नियम आधीच ठरवा. माझा नियम असा होता: आठवड्यातून एकदाच, आणि सभेच्या दिवशी कधीच नाही. पैसे कमी आले. दारूचा रोजचा खर्च वजा केल्यावर ते कमी नव्हतेच, पण सवयीने कमी वाटले. बढतीची संधी आली तर डॉक्टरांना आणि घरच्यांना विचारल्याशिवाय होकार देऊ नका, विशेषतः तीत दौरे किंवा ग्राहकांच्या पार्ट्या असतील तर.

९. पाय घसरला तर

एकदा प्यायलो म्हणजे उपचार फुकट गेले, असा अर्थ काढू नका. तो अर्थ काढूनच पुष्कळ जण पुढचे पंधरा दिवस पितात. अशा सकाळी मी कोणत्या क्रमाने काय केले ते सांगतो. कामावर गेलो नाही, कारण फाटकावर तोंडाचा वास आला असता तर सगळेच गेले असते. पाळी सुरू होण्याआधी पर्यवेक्षकांना ‘आज प्रकृती ठीक नाही, रजा धरावी’ असा संदेश पाठवला. मग समुपदेशकांना फोन केला आणि किती घेतली ते खरे सांगितले. बंद पडलेल्या गोळ्या स्वतःच्या मनाने पुन्हा सुरू केल्या नाहीत, कारण डायसल्फिराम घ्यायचे असेल तर शरीरात दारू उरलेली चालत नाही. किती तासांनी काय घ्यायचे ते डॉक्टरांनी दुपारी सांगितले. संध्याकाळी सभेला गेलो. तिथे मागच्या रांगेत बसायचे ठरवले होते, पण एका ज्येष्ठ सभासदाने पुढची खुर्ची ओढून दिली आणि विचारले, “चहा घेतलात का?” दुसऱ्या दिवशी पहिल्या पाळीला मी वेळेवर हजर होतो.